नारिंगी जॅकेट

आगाशी,
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय शेल्डन,

सकाळी चर्चमध्ये मिस्साला जाऊन आले. वाडीत पाणी सोडलं. केळीचे दोन लोंगर उतरवले, ते शेजारचा केनी बाजारात घेऊन गेला. आता घरात कोणी नाही, म्हणून लिहायला बसले. तुझं नायगाव काही लांब नाही, पण फोनवर तू बोलत राहतोस आणि मी हं हं करत राहते. मग तुला वाटतं, आईला पटलं. मला पटलेलं नाही.

ऑगस्टमध्ये तुझे पप्पा गेले तेव्हापासून घर माणसांनी भरलेलं होतं. रोझरीच्या प्रार्थनेला सगळी आळी यायची. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण जो येई तो आधी माझ्या तोंडाकडे बघे, आणि मीही त्याला हवं तसं तोंड करून बसे. रात्री सोबतीलासुद्धा कोणीतरी असायचं. कोणी लक्ष ठेवून असलं की मला झोप येत नाही. सगळ्यांना वाटे मी दुःखाने जागते. दुःख होतंच. पण निम्म्या रात्री मी सोबतीणीच्या घोरण्याने जागत होते.

बोळिंजची ज्ञानदा आपल्याकडून केळी नेते. सुट्टीला ती माणसं जमवून जव्हारपलीकडच्या खोऱ्यात नेते, डोंगर चढायला आणि तलावाकाठी तंबूत राहायला. गेल्या महिन्यात म्हणाली, "आंटी, एक बाई गळाली, चला की तुम्ही." मी पिशवी भरली. कोणाला विचारलं नाही.

पायवाट सागाच्या पाल्यातून होती, वाळलेली पानं पायाखाली घसरायची. मी सर्वांत मागे. एक गृहस्थ दर वळणावर थांबून विचारत, "आंटी, जमेल ना?" तिसऱ्या चढाला तेच धापा टाकत दगडावर बसले. मी म्हटलं, "बसा निवांत, मी वर थांबते." संध्याकाळी तळ्याच्या कडेला सगळ्यांनी मिळून भाकऱ्या भाजल्या. माझं काय झालंय ते ज्ञानदाशिवाय कोणाला माहीत नव्हतं. त्या रात्री तंबूत मी झोपले ती थेट उन्हं आल्यावर उठले.

मग त्यांनी मला कयाकमध्ये बसवलं. ती लांबट होडी एकटीने वल्हवायची असते. मला येईना. ती एकाच जागी गोल गोल फिरायला लागली, काठावरून ज्ञानदा ओरडतेय, "दुसऱ्या बाजूने मारा, आंटी," आणि मला हसू आवरेना. तेव्हाच तिने फोटो काढला.

तो फोटो घरच्या ग्रुपवर चुकून गेला असं तू सगळ्यांना सांगितलंस. चुकून नाही गेला. मीच टाकला.

कॅथरिन आत्याचा लगेच फोन आला. "माझा भाऊ जाऊन सहा महिने नाही झाले आणि तू नारिंगी घालून हसतेस?" मी सांगितलं, ते बुडू नये म्हणून घालतात ते जॅकेट आहे, आत काळाच कुर्ता आहे. ती म्हणाली, "काळं जॅकेट मिळत नव्हतं काय?" मी म्हटलं, "काळं घातलं तर बुडाल्यावर सापडणार नाही." तिने फोन ठेवला. मला वाईट वाटलं नाही. वर्षभर काळं घालणार आहे, ते मी ठरवलं आहे. पण कुठे जायचं आणि कधी हसायचं, हे ती ठरवणार नाही.

पप्पांना मी ज्ञानदाच्या सहलींचं बऱ्याचदा विचारलं होतं. ते म्हणत, "आपल्या वाडीत झाडं कमी आहेत काय, की पैसे देऊन बघायला जायचं?" मी हसायचे आणि घरीच राहायचे. तेव्हा मला त्याचा रागही आला नाही. ते असते तर मी गेले नसते, हे खरं आहे. ते नाहीत म्हणून जाता आलं, हेही खरं आहे. आणि त्यांच्यावाचून मला करमत नाही, हेही. तुला यातलं एकच खरं हवं आहे.

रविवारी पप्पांची सहा महिन्यांची मिस्सा आहे. नंतर चहाला सगळे घरी येतील. तू काल म्हणालास, "आई, तेवढं सांगून टाक, तळ्यावर जायची पप्पांचीच शेवटची इच्छा होती. आत्या गप्प बसेल." मी हं म्हटलं, ते मागे घेते. मी तसं सांगणार नाही, आणि तूही सांगायचं नाहीस. त्यांना खोल पाण्याची भीती वाटायची, हे तुझ्या आत्यालाही ठाऊक आहे. जे त्यांनी कधी मागितलं नाही, ते मेल्यावर त्यांच्या तोंडी घालू नकोस. इच्छा माझी होती. कोणी विचारलं तर मी एवढंच सांगेन, आणि पुन्हा जाणार आहे हेही सांगेन. तुला लाज वाटत असेल तर चहाला थांबू नकोस. मिस्साला मात्र ये.

लिहिण्याआधी केसांना मेंदी लावली होती. ती आता वाळून टोचायला लागली आहे. पाणी तापलंय, मोरीत जाऊन धुऊन टाकते.

तुझीच,
आई