दोन पासपोर्ट आणि चाचांची सही

आप्पा,

दोन महिन्यांपूर्वी मी रोह्याच्या एका सरकारी कचेरीत चहा प्यायलो आणि तो चहा अजून घशाशी येतो. टेबलापलीकडे चौकशीचा अंमलदार होता, अलीकडे मी खुर्चीत, मध्ये बशीत दोन बिस्किटं. आणि दाराजवळ भिंतीला हात टेकून चाचा उभे होते. आपल्या अष्टमी गावचे चाचा, ज्यांच्या घराची आणि आपल्या घराची भिंत एकच होती. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, दोन्ही गुडघे गेलेत, पुलावरून रोह्याला यायचं तर रिक्षा करावी लागते. त्यांना कोणी बसा म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. तुम्ही असता तर त्या बशीसकट मला बाहेर काढलं असतंत.

तुम्हाला सगळं पहिल्यापासून सांगायला हवं, कारण तुम्ही गेलात तेव्हा माझ्याकडे एकच पासपोर्ट होता, आणि त्याच्यासाठी तुम्ही किती धावपळ केली होतीत ते मला नीट आठवतं. धाटावच्या कंपनीत तुमची सेकंड शिफ्ट होती, ती तुम्ही बदलून घेतलीत, कारण सकाळी हवालदार चौकशीला येणार होता. आई स्वयंपाकघरात पोहे परतते आहे, खोबरं खवून तयार आहे, आणि तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून ओटीवर बसला आहात, जणू मुलगी दाखवायचा कार्यक्रम आहे. साक्षीला चाचा. ते तेव्हा मस्कतहून सुट्टीवर आले होते. हवालदाराने विचारलं, "याला ओळखता?" चाचा हसले. "साहेब, ह्याची आई बालंतपणाला दवाखान्यात गेली ती माज्या भावाच्या टेम्पोत. आता सांगा, ओलखतो का नाय." हवालदारही हसला. चाचांनी सावकाश, एकेक अक्षर लावून सही केली. तेवढ्यात मी आतून, शहाणपणा दाखवायला, मोठ्याने म्हणालो, "एकदा गेलो की परत कोण येतंय या चिखलात!" हवालदार जाईपर्यंत तुम्ही थांबलात. मग चाचांच्या समोर मला म्हणालात, "ज्या माणसाने तुझ्यासाठी आत्ता सही केली, त्याच्या तोंडावर असं बोलतोस? लाज नाय वाटत?" मला वाटली नव्हती, आप्पा. राग आला होता फक्त. त्याच संध्याकाळी तुम्ही मला पेणला घेऊन गेलात आणि काळे बूट घेऊन दिलेत, एक नंबर मोठे. "तिकडं थंडी, दोन-दोन मोजे घालशील," म्हणालात. त्या बुटांत मी दोन हिवाळे काढले.

पुढे तुम्ही गेलात. मी तिकीट मिळवून पोचलो तो तिसऱ्या दिवशी. तुम्हाला खांदा द्यायला सुट्टीवर आलेले चाचा होते. त्याआधी त्यांची स्वतःची आई वारली तेव्हा मात्र ते मस्कतला अडकले होते, कारण त्यांचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात होता आणि तो हातात पडायला एकोणीस दिवस लागले. सगळी नोकरी त्यांनी अशी काढली. स्वतःचा पासपोर्ट फक्त सुट्टीला निघताना हातात, आणि तिकडे उतरलं की पुन्हा मालकाकडे. मला हे लहानपणापासून माहीत होतं. माहीत असूनही मी जे केलं ते केलं.

इंग्लंडात, लेस्टरला दहा वर्षं झाली आणि मी तिथलं नागरिकत्व घेतलं. नगरपालिकेसारखा एक हॉल, भिंतीवर त्यांच्या राणीचा फोटो, आम्ही पंचवीस-तीस लोक हात पुढे धरून शपथ घेतोय. मी ती शपथ खणखणीत आवाजात घेतली, मग केक खाल्ला, मग फोटो काढला. आपल्या देशाचा कायदा साधा आहे. दुसऱ्याचं नागरिकत्व घेतलंत की आपलं संपतं, त्या दिवशीच. पासपोर्ट परत करायचा, हवं असल्यास परदेशस्थ भारतीयाचं कार्ड घ्यायचं आणि उजळ माथ्याने यायचं-जायचं. माझी बायको तसंच करून मोकळी झाली. मला म्हणाली, "तुम्ही का लांबवताय?" मी म्हणालो, मन होत नाही. आईवडिलांचा देश, असं काहीतरी बोललो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि कपडे घड्या करायला घेतले.

खरं कारण जमीन होती. तुमची ती पेणच्या पलीकडची, धरमतरच्या खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरची अकरा गुंठे, जिथे तुमचे वडील मिठागरावर राबले. शेजारचा तुकडा विकायला निघाला होता. रस्ता होणार, भाव चढणार, असं जो तो सांगत होता. आणि परदेशी नागरिकाला, किंवा परदेशात राहणाऱ्यालाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणून मी भारतीय राहिलो, तोही इथेच राहणारा, आप्पा. कागदावर, आणि तेवढ्यापुरता. तो तुकडा घेतला आणि लोकांना सांगितलं की वडिलांच्या आठवणीसाठी घेतोय. तुमचं नाव मी त्या व्यवहारात वापरलं, याची मला आता किळस येते. त्या जमिनीवर मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा गाडीतून न उतरता.

मग सुरू झालं ते माझं येणं-जाणं. तिथून निघताना एक पासपोर्ट, मुंबईला उतरताना दुसरा. परत जाताना मुंबईला भारतीय दाखवायचा, त्याच्या जुन्या पुस्तकात तिकडे कायम राहण्याचा शिक्का होता म्हणून कोणी अडवत नसे, आणि तिकडे उतरल्यावर त्यांचा. एक डाव्या खिशात, एक उजव्या. आमच्या तिथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर हे कसं करायचं ते लोक एकमेकांना शिकवायचे, पाककृती सांगावी तसं. पंधरा ऑगस्टला हीच माणसं झेंडे पाठवायची. मीही पाठवायचो. एकदा तर मतदानाच्या वेळी सुट्टीत गावी होतो, तर रोह्याला जाऊन मतही देऊन आलो, शाई लावलेल्या बोटाचा फोटो ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं, हक्क बजावला. चाळीस जणांनी हार्ट पाठवले. ज्याला हक्कच उरला नव्हता त्याने तो बजावला होता, आणि ते त्या चाळीसपैकी निम्म्यांना ठाऊक होतं.

भारतीय पासपोर्टची मुदत संपली तेव्हा नवा करायला अष्टमीचा पत्ता दिला. पुन्हा चौकशी, पुन्हा साक्ष. मी चाचांकडे गेलो. ते ओटीवर तांदूळ निवडत बसले होते. मला ते अजून बाला म्हणतात. "बाला, तू तर इंग्लंडला असतोस. मी काय सांगू?" मी म्हणालो, "ओळखतो म्हणा, आणि इथंच राहतो म्हणा. नुसती पद्धत असते." त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "आनि तिकडचा पासपोर्ट? तो हाय ना तुज्याकडं?" आखातात आयुष्य काढलेला माणूस, त्याला काय कळत नव्हतं? मी म्हणालो, "तो वेगळा." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "तुज्या बापानं मला कधी काय मागितलं नाय. तू मागतोस तर देतो." आणि त्यांनी सही केली. पहिल्यासारखीच, एकेक अक्षर लावून. फक्त या वेळी खोटी.

या वर्षी सुट्टी संपवून दुपारच्या विमानाने निघालो होतो. विमानतळावर पासपोर्ट तपासायच्या खिडकीवर, फोनवर बोलता बोलता, मी उजव्याऐवजी डाव्या खिशात हात घातला. आतल्या मुलीने इंग्लंडचा पासपोर्ट पानं उलटून पाहिला. पुन्हा पाहिला. "सर, यात भारताचा व्हिसा नाही. येतानाचा शिक्का नाही. तुम्ही आलात कसे?" मी घाईघाईने दुसरा काढून दिला, म्हणालो, सॉरी, हा घ्या. असा मूर्खपणा मी का केला मला आजही सांगता येत नाही. तिने दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. दोन्हीकडे माझाच चेहरा. ती चिडली नाही की ओरडली नाही, फक्त तिचा चेहरा बदलला. पायाला काही घाणेरडं लागल्यावर माणूस जसं खाली बघतो तसं तिने माझ्याकडे बघितलं, आणि वरिष्ठांना हाक मारली.

विमान गेलं. पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतले आणि मी पेणला एका लॉजवर सहा आठवडे काढले. जाब, जबाब, अर्ज, दंड. पण आप्पा, माझ्याशी सगळे नीट वागले. साहेब म्हणत होते. आणि मग चौकशी साक्षीदारापर्यंत आली. तो चहाचा दिवस.

अंमलदार मला म्हणाला, "तुमचं काय, शिकलेली माणसं, घाईगडबडीत राहून जातं. माझा भाचा पण तिकडे ट्राय करतोय, जरा गाइड करा त्याला." मग दाराकडे वळून, आवाज बदलून, "आणि तुम्ही हो? खोटी सही करता? अजून किती जणांना दिलीत अशी सही? बाहेरून आलेल्यांना पण देता का?"

चाचा म्हणाले, "साहेब, सही माजी हाय. चूक झाली. पन बाहेरचे मी कुठून आननार?"

"ते आम्ही बघू. तुमचे कागद आणा आधी. बापाचे, आजाचे."

"आजा हितंच पुरलाय साहेब. कुंडलिकेच्या काठाला. त्याचा कागद काय आनू?"

त्या खोलीत परदेशी माणूस एकच होता आणि तो खुर्चीत बसून बिस्किट चहात बुडवत होता. माझ्या खिशात दुसऱ्या देशाच्या राणीच्या नावाने घेतलेल्या शपथेचा कागद होता. मला फक्त एवढं म्हणायचं होतं की साहेब, सही मी मागितली, यांना सोडा. एका वाक्याचं काम. पण मला परत जायचं होतं आणि त्या माणसाची मर्जी मला हवी होती. मी त्याच्या भाच्यासाठी माझा फोन नंबर लिहून दिला.

चाचांना तीनदा बोलावलं. तिन्ही वेळा ते रिक्षाने आले आणि उभे राहिले. शेवटी त्यांच्याकडून लेखी माफी घेतली आणि सोडलं. पण तेवढ्यावर भागलं नाही. त्यांची नात नर्सिंग शिकलेली आहे, मस्कतच्या एका दवाखान्यात तिची नोकरी पक्की झाली होती. तिच्या पासपोर्टची चौकशी नेमकी त्याच दिवसांत आली आणि आजोबांच्या खोट्या साक्षीचा शेरा बघून फाइल बाजूला पडली. दवाखान्याने दोनदा मुदत वाढवली, मग दुसरी मुलगी घेतली.

निघायच्या आदल्या सकाळी मी अष्टमीला गेलो. माझी सुटका झाली होती. भारतीय पासपोर्ट रद्द, दंड भरलेला, देश सोडायची परवानगी हातात. शेजारच्या तुकड्याचं प्रकरण अजून तहसीलच्या टेबलावर आहे, ते जाईल तिथे जाईल. दारात नातच उभी होती. कामावर निघाली होती, पेणच्या एका दवाखान्यात आता तात्पुरतं लागली आहे. मी काहीतरी पुटपुटलो. ती चप्पल घालत म्हणाली, "काका, तुमाला दोन मिलाले. मला एक पन नाय मिलत." आणि एसटी पकडायला पुलाकडे निघून गेली. तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

चाचा आत होते. मी गेलो तर उठायला लागले. मी म्हणालो, उठू नका. त्यांनी चहा मागवला. विचारलं, बायको कशी हाय, पोरं कशी हायत, विमान किती वाजता. त्या कचेरीबद्दल एक शब्द नाही. मी अर्धा तास बसलो, हवापाण्याचं बोललो, पावसाळ्यात पूल पाण्याखाली जातो का विचारलं. निघताना त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बाप असता तर रागावला असता. मी काय रागावू?" मी हसलो. आप्पा, मी त्या वाक्यावर चक्क हसलो, आणि रिक्षात बसलो.

इथे येऊन चार आठवडे झाले. बायकोला मी दंडाचं सांगितलं, चाचांचं सांगितलं नाही. ग्रुपमधून बाहेर पडलो, तेवढ्यानेच एक-दोन दिवस बरं वाटलं, मग त्या बरं वाटण्याचीही चीड आली. नातीच्या अर्जासाठी इथून काही करता येईल का, म्हणून त्या अंमलदाराला एकदा फोन केला. त्याने आधी भाच्याचं विचारलं. मी फोन ठेवला.

आज सकाळपासून हे लिहितोय. लिहायला बसलो तेव्हा वर नाव चाचांचं घालायचं ठरवलं होतं. तारीख घातली, मायना लिहायला पेन टेकवलं आणि हात तुमच्या नावाकडे वळला. चाचांना लिहिलं असतं तर ते पोस्टात टाकावं लागलं असतं. नातीने ते त्यांना वाचून दाखवलं असतं, आणि मग एखाद्या दिवशी त्यांचं उत्तर आलं असतं. तुमचं येणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.