खोली नऊ, माणसे दोन

मंगळवार, ४ मार्च, सकाळी ११.२०

खिडकीशी खुर्ची ओढून लिहितो आहे. हॉटेल दीडशे वर्षांचे. जिन्याला पितळी कठडा, नळाला गरम पाणी, समोर घड्याळाचा मनोरा. जन्मात पहिल्यांदा असा थाट. शुक्रवारी इथून पुढच्या गावी गोदामात कारकून म्हणून रुजू व्हायचे आहे. नववीत शाळा सुटलेल्याला अशी नोकरी पुन्हा मिळायची नाही. त्याआधी दोन दिवस शहर बघ, चांगलेचुंगले खा, मीही उद्या येतो, असे दादाच म्हणाला. म्हणून हॉटेलच्या वहीत ‘माणसे’च्या रकान्यात २ लिहिले. बॅग खाली कुलपात ठेवतात. काउंटरवरचे चष्मेवाले म्हणाले, इथली जुनी पद्धत आहे, जेवढी माणसे लिहिली तेवढ्यांनी जाताना सही करायची, मगच बॅग मिळते. मला पद्धत आवडली. चोख काम.

बुधवार, ५ मार्च, दुपारी १

दादाचा फोन आला. त्याच्या मुलीला ताप आहे, येत नाही. लगेच खाली जाऊन २ चा १ करा म्हटले. चष्मेवाले म्हणाले, शाईचे खोडत नाही, आणि दुसरे साहेब तर मघाशीच नाश्ता करून वर गेले. बिलात दोन नाश्ते. मी एकच खाल्ला. तासभर डोकेफोड केली. पालथ्या घड्यावर पाणी. वर आलो तर दुसरी उशी चेपलेली.

संध्याकाळी ७

वैतागून, कोणाला न सांगता, तीन गल्ल्या पलीकडे जेवायला आलो. वाढप्याने दोन ताटल्या मांडल्या. एकटाच आहे म्हटले. तो हसला. म्हणाला, साहेब हात धुताहेत ना, त्यांनीच सांगितले की तुम्हाला सूपमध्ये मीठ कमी लागते.

खरे आहे. कमीच लागते.

गुरुवार, ६ मार्च, सकाळी ८.३०

गाडी १०.१० ला. ही चुकली तर उद्याची नोकरी गेली. रुजू होण्याचे पत्र बॅगेत आहे. दोघांचे पैसे घ्या, पण बॅग द्या म्हटले. चष्मेवाले म्हणाले, पैशांचा प्रश्न नाही, सह्यांचा आहे, साहेब आंघोळ करून येतीलच. भिंतीशी बोलावे तसे.

९.२०

न्हाणीघराला आतून कडी. पाणी पडते आहे. दारावर थापा मारून म्हणालो, बाबा रे, कोण असशील तो अस, खाली येऊन सही कर आणि मला सोड.

पाणी थांबले.

९.४०

दार उघडे. आत कोणी नाही. टॉवेल ओला. उद्यासाठी इस्त्री करून ठेवलेला माझा शर्ट खुंटीवर नाही. पाकीटही—

१०.०५

सगळी खोली शोधून खाली आलो. वहीत माझ्या नावापुढे सही झालेली. माझेच अक्षर. मी केलेली नाही— बॅग नेली. पत्र नेले. चष्मेवाले म्हणतात, ते साहेब तुमच्या सहीची हमी देऊन गेले, आता तुमची तेवढी राहिली.

१०.१५

दादाला फोन लावला. तो म्हणाला, माझा भाऊ गाडीत बसला, आत्ताच त्याचा फोन येऊन गेला, आपण कोण बोलता. मी नाव सांगितले. त्याने ठेवला.

‘आपण’ म्हणाला. मला—

हिशेब. खोली २,४००, जेवण ६१०. भरले, माझ्या पाकिटातून, त्याने. देणे, दुसऱ्या माणसाचे दोन नाश्ते, ९०. ते माझ्याकडे मागताहेत. पेन पुढे केले आहे. सही कुठल्या नावाने कर—