चोवीसातले दहा हिस्से

भोर, २ नोव्हेंबर १९३८

सकाळी दाढी करत होतो, तेवढ्यात चाची दारात. "मास्तर, घर इकायचं म्हनतीया. गुडघं गेलं माझं. लेकीकडं जाते आता, शिरवळला." अर्ध्या गालाचा साबण तसाच वाळला. सहा वर्षं तिच्या दोन खोल्यांत भाड्याने राहतोय. बांगड्यांची पाटी डोक्यावर घेऊन हिर्डोशीपर्यंत चालत जाणारी ही बाई कधी थकेल, असं मनातही आलं नव्हतं.

मागून बायकोचा, गंगूचा, आवाज: "कुणाला विकणार?"

चाची: "तुला."

रोजे चालू, म्हणून पाणीही न घेता गेली. गं. दिवसभर भिंतींकडे बघत होती. माझ्या बदल्यांपायी तिने चार चुली मांडल्या नि मोडल्या. पाचवी मोडायची तिची तयारी नाही. खरं तर माझीही नाही.

५ नोव्हेंबर

दामूअण्णा वकिलांकडे गेलो. प्रश्न वहीत लिहून नेले होते, मास्तरकी कुठे जाते! विसार दिला नि सौदा मोडला तर? साध्या कागदावर चालतं का? साक्षीदार किती? अण्णांनी वही मिटायला लावली. "विसाराची पावती घ्या. खरेदीखत स्टँपावर लिहा, कचेरीत नोंदवा, दोन साक्षीदार आणा. हे सगळं मागाहून. घर आहे कुणाचं, ते आधी बघा."

मी म्हणालो, चाचीचं. "कशावरून?" तिथे राहते यावरून, दुसरं काय! अण्णा हसले. उतारा आणायला सांगितलाय.

८ नोव्हेंबर

उतारा मिळाला. घर अजून चाचीच्या नवऱ्याच्या नावे. त्याला जाऊन तेरा वर्षं झाली. अण्णांनी मुसलमानी कायद्याप्रमाणे घराचे चोवीस हिस्से पाडले. चाचीचे तीन, लेकीचे, म्हणजे रशिदाचे, सात आणि कासमचे चौदा.

कासम हा चाचीचा मुलगा. मुंबईला गोदीत गेला, तिथून बोटीवर. नऊ वर्षं पत्ता नाही.

अण्णा म्हणाले, सात वर्षं घरच्यांना ज्याची काहीच खबर नाही, त्याला कायदा मयत धरतो. चाचीने तसं शपथेवर लिहून द्यायचं. दुसरे वारस नाहीत, तेव्हा घर मायलेकींचं. दोघींनी अंगठे दिले की खरेदीखत स्वच्छ.

"मधे पत्रबित्र काही नाही ना आलेलं?"

"विचारतो," म्हणून उठलो.

९ नोव्हेंबर

काल पुढचं लिहवलं नाही. लिहून टाकतो.

चार वर्षांपूर्वी ईदेच्या आधी चाची अंथरुणाला खिळली होती. ताप थोडा, कासमची ओढ फार. मी एक कार्ड लिहिलं. "तीर्थस्वरूप मातोश्रींस, मी खुशाल आहे, बोट फार लांब जाते" वगैरे. मुंबईच्या एका मास्तर मित्राकडून तिथल्या पोस्टात टाकवलं. आलं तेव्हा मीच वाचून दाखवलं. तिसऱ्या दिवशी चाची पाटी घेऊन बाजारात. काय खूश होतो मी स्वतःवर!

आता ते कार्ड खरं असेल तर कासम कायद्याने जिवंत, नि घर मिळत नाही. खोटं म्हणून सांगावं तर घर मिळतं, पण चाचीचा कासम जातो. शाळेत खोटं बोलणाऱ्याला मी बाकावर उभा करतो.

गं. ला कार्डाचं पहिल्यापासून ठाऊक. आज एवढंच म्हणाली, "सांगावं लागेल हो आता."

१३ नोव्हेंबर

सांगायला गेलो. चाची मापाप्रमाणे बांगड्या लावत बसली होती. "बसा की. गंगूचं माप सव्वादोन. ह्या हिरव्या न्या तिला. घर घेताना हात मोकळा नसावा." बसलो. उठलो.

गं. ने विचारलं, "सांगितलंत?"

"हिरव्या घेतल्या."

आधी हसली, मग रागावली, मग भरून बघितल्या.

१९ नोव्हेंबर

आज अण्णांनीच चाचीला बोलावून घेतलं. सात वर्षांचं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि मग पदर खोचला.

"मेला म्हनून लिहून देऊ? पोटच्या पोराला? आन् त्याचं पत्र आलंय की, वकीलदादा. हे मास्तर बसल्यात. त्यांनीच वाचलंय. इचारा."

अण्णा माझ्याकडे वळले. "आलं होतं का पत्र?"

चाची माझ्याकडे बघत नव्हती, दाराकडे बघत होती. मी म्हणालो, "आलं होतं."

अण्णांनी टाक ठेवून दिला. "मग संपलंच. चौदा हिस्से विकायला कुणी नाही."

घरी येऊन गं. ला सांगितलं. भांडी जोरात आपटली तिने. जेवायला वाढताना म्हणाली, "मी असते तरी हेच म्हटलं असतं. पण मला रागवू द्या दोन दिवस." या बाईवर माझा जीव आहे. कधी तोंडाने सांगितलं नाही, इथे लिहून ठेवतो.

२४ नोव्हेंबर, ईद

शिरखुर्मा. गं. ने दोनदा मागून घेतला, म्हणजे राग गेला. चाचीने पेटीतून ते कार्ड काढलं. "वाचा पुना." वाचलं. चार वर्षांनी आपलंच लिहिणं ऐकताना लाज वाटली. गोदीत हमाली करणारा पोरगा "तीर्थस्वरूप" लिहितो!

मी म्हणालो, "कासमची भाषा जरा पुस्तकी आहे नाही?"

"शिकला असंल तिकडं," चाची म्हणाली आणि वाटीत अजून ओतलं.

२५ नोव्हेंबर

चाची सकाळीच हजर. ईदेला आलेल्या रशिदाशी बोलून आलीय. "माझं तीन, रशिदाचं सात. दहा घ्या. कासमचं ऱ्हाऊ द्या. आला की त्याच्याशी बोला तुमी."

अण्णांना विचारलं. म्हणाले, घेता येतात, पण डोळे उघडे ठेवून घ्या. कासम किंवा त्याची बायकामुलं कधीही येऊन वाटणी मागतील. पुढे तुम्हाला विकायचं झालं तर गिऱ्हाईक मिळणार नाही. शहाणा माणूस असं घर घेत नाही.

गं. म्हणाली, "विकायचंय कुणाला?"

२८ नोव्हेंबर

बाबा पासलीहून नवे तांदूळ घेऊन आले. ऐकून डोक्याला हात लावला. "चोवीसातलं धा? आरं, घर हाय का भाकरी? कुटली भित तुजी नि कुटली त्येची?"

"ठरवलं नाही."

"आन् तो आला म्हंजे?"

"आला तर बरंच की, बाबा."

तंबाखू मळू लागले. "तुला साळंत घातला तवाच मला शंका आली व्हती." आणि उठता उठता, "साक्षीला म्या येतो. दुसरा माणूस हुडकू नगंस."

६ डिसेंबर

झालं. खरेदीखत नोंदवलं. रशिदा नवऱ्याबरोबर आली होती. बाबांनी सहीच्या जागी नांगराची निशाणी काढली, शेत नांगरावं इतक्या सावकाश. दुसरी साक्ष अण्णांची.

कचेरीतल्या साहेबांनी चाचीला विचारलं, समजून-उमजून देता ना? म्हणाली, "व्हय. माझं देतीया. पोराचं ठिवलंय." साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की हा मास्तर गणित कसं शिकवत असेल!

गं. ने घरी येऊन चूल सारवली. माजघर कुणाचं, पडवी कुणाची, कागदात कुठेच नाही. सगळ्याच घरात थोडाथोडा कासम आहे.

८ डिसेंबर

चाची गेली. शिरवळच्या मोटारीत बसवून दिलं. ट्रंक, पाटी, बोचकं. गं. रडली, चाची नाही. मोटार सुटताना मला खिडकीशी बोलावलं.

"कासमचं पत्र हितंच येनार, जुन्या पत्त्यावर. आलं की धाडा शिरवळला. जावई वाचून दावंल."

"हो, चाची."

"पर अक्षर तेच ऱ्हाऊ द्या, मास्तर. वाचता येत न्हाई मला, पर वळखू येतं. माझ्या दाराला खडूनं बांगड्यांचं भाव तुमीच लिव्हून दिल्यात."

मोटार गेली. मी धुरात उभा. म्हणजे तिला ठाऊक होतं. कधीपासून? अण्णांकडे मला विचारा म्हणाली तेव्हाही?

गं. ला सगळं सांगितलं. म्हणाली, "मग लिहा." एवढं सोपं आहे का? त्या वेळी मी तिला फसवत होतो. आता कुणाला फसवायचं?

येताना पोस्टातून एक कार्ड घेतलं. वर शिरवळचा नाही, आमच्याच घराचा पत्ता घातलाय. बाकी कोरं आहे.