तुराटीची अक्षरं

रिठद, ता. २१ नोव्हेंबर १९७४

प्रिय मनकर्णा,

हा निळा कागद लंडनला पोचायला बारा-पंधरा दिवस घेतो, म्हणून बसल्या बैठकीत लिहिते. अक्षर बारीक काढलं आहे. दुसरा कागद नको.

केनवडचं स्थळ नाकारून तू मातीच्या जुन्या पाट्या वाचायला गेलीस, त्याला तीन वर्षं झाली. जाण्याआधी अंगणात बसून ओल्या मातीवर बोरूनं ती खिळ्यांसारखी अक्षरं उमटवायचीस. शेवटच्या पाटीवर कुण्या बाईनं परगावी राहिलेल्या नवऱ्याला लिहिलेलं पत्र उतरवलं, म्हणालीस. ती वाळलेली पाटी मी देवघरात ठेवली. बाबा मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "चार हजार वर्साखाली मेलेल्याईचे पत्र वाचते, अन् बापाच्या पत्राले उत्तर नाही देत." उत्तर तू काय देणार होतीस? पुन्हा उंबरठा चढू नको, एवढंच त्यात होतं. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं.

उन्हाळ्यात काचबिंदूनं त्यांची नजर गेली. तुला कळवायचं नाही, अशी शपथ घातली होती. तेव्हापासून रोज दिवेलागणीला ती पाटी मागत. मी हरिपाठ म्हणेपर्यंत एकेका अक्षरावरून बोट फिरवत बसत. तुझं नाव घेत नसत.

यंदा मातीची भुलाबाई बसवली तेव्हा पाटी तिच्याजवळ ठेवली. लेक लांब आहे, देवीची नजर राहावी म्हणून. कोजागिरी झाल्यावर आळीतल्या पोरी भुलाबाई नदीत शिरवायला आल्या आणि मीच सगळा पाट उचलून त्यांच्या हाती दिला. पाटी आठवली तेव्हा नदीवर धावले. गुडघाभर पाण्यात नुसता गढूळपणा होता.

मग एक पाप केलं. चिखल मळला, तुरीच्या वाळक्या तुराटीच्या टोकानं खुणा उमटवल्या, चुलीजवळ वाळवलं. मॅट्रिक झालेल्या मला वाटलं, नुसत्या टोचण्या तर आहेत, आंधळ्या माणसाला काय कळणार. दुसऱ्या ओळीवरच त्यांचं बोट थांबलं. म्हणाले, "हे तिचं नाही."

पाटी हरवली, एवढंच मी सांगितलं. त्या दिवसापासून जेवण सुटलं. आता दोन चमचे दूधही उतरत नाही. वाशीमच्या डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हटलं. आधी रोज विचारत, पाटी सापडली काय. परवापासून तेही थांबलं. देवापुढं बसते, पण काय मागावं ते सुचत नाही.

त्यांनी तुला बोलावलेलं नाही. मी बोलावते आहे, तेही उशिरा. तू येईपर्यंत ते राहतील असं मला वाटत नाही. राहिलेच, तर नवी पाटी करत बसू नकोस. तुझा हात त्यांच्या बोटांखाली दे.

तुझीच अपराधी,
आई