कापडाचा ससा

ती. दादास,
रागात आहे, तरी नमस्कार.

आम्ही ठीक. इकडे टूनगॅबीत लॉकडाऊन आहे, सिद्धार्थचं ऑफिस घरूनच. ओवीच्या हट्टापायी शर्यतीतून रिटायर झालेली ग्रेहाउंड कुत्री आणलीय. तिने जन्मात घर पाहिलं नव्हतं. जिन्याला घाबरते, सोफा मात्र सोडत नाही.

शर्यतीत तिच्यापुढे खोटा ससा पळवायचे. एकदा तो तिच्या तोंडात आला आणि कापडाचा निघाला. त्यानंतर ती धावलीच नाही, म्हणून आम्हाला मिळाली.

दादा, मी रोज फोन करायचे आणि तू म्हणायचास, "बाबा आत्ताच झोपलेत." बाबा हॉस्पिटलात होते. ते गेले, तरी दहाव्यापर्यंत तू त्यांना झोपवूनच ठेवलंस. मी इथे ओवीच्या वाढदिवसाचं श्रीखंड खात होते रे! म्हणे, "बॉर्डर बंद, उगाच रडत बसली असतीस." मग रडले असते. फोन त्यांच्या कानाला तरी लावायचास.

असो. तुझा खोकला कसाय? वहिनीला सांग, मेतकूट संपलं.

आई कशी आहे? रविवारी तिलाच फोनवर आण. झोपलीय म्हणू नकोस.

तुझी,
लीना