सोमाजीच्या अकरा वह्या

मी, वारलू सुकलू निकुरे, वय एकसष्ट, धंदा नाटकात काम करणे व थोडी शेती, राहणार आरमोरी, जिल्हा गडचिरोली, आज स्वतःच्या ओसरीवर शुद्धीत बसून हे मृत्युपत्र करून ठेवतो. मालिकेच्या नामावलीत चार वर्षे माझे नाव 'वरद निकुरे' असे येत होते. तो मीच. पुढे कोणी दोन माणसे समजून घोळ घालू नये म्हणून आधीच लिहिले.

नागपूरच्या डॉक्टरांनी हृदयाबद्दल जे सांगायचे ते सांगितले आहे. बुद्धी जागेवर असल्याचा दाखला त्यांनी वेगळ्या कागदावर दिला आहे, तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही, मी कोणती नशा केलेली नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. यापूर्वी एकदा मेलो होतो, पण तेव्हा मला कोणी आधी सांगितले नव्हते. या वेळी तयारीने लिहितो.

घरच्यांच्या वाट्यावरून घरात भांडण होईल असे वाटत नाही. खरे तर हा कागद कलम सहासाठी केला आहे. पण वकील म्हणाले, घरापासून सुरुवात करा.

कलम १. आरमोरीचे राहते घर, परसासह व त्यातील सर्व सामानासह, माझी पत्नी वच्छला हिचे. तिच्यानंतर मुलगी नीलिमा हिचे. बँकेत जे असेल तेही वच्छलाचे. पंचावन्नाव्या वर्षी मी पाठांतर शिकलो ते तिच्यामुळे. ती चुलीशी बसून वाक्ये वाचायची आणि मी मागून म्हणायचो. चुकलो की म्हणायची, "भाजीत मीठ पडलं काय तेवढं सांगा, मंग पुढचं वाचतो." चाखल्याशिवाय ती पुढचे वाक्य देत नसे.

कलम २. धानाच्या दोन एकर बांध्या मुलगा प्रणित व मुलगी नीलिमा यांना निम्म्या निम्म्या. प्रणित मोहर्लीला जिप्सी चालवतो. पर्यटकांना वाघ दिसला नाही की तो मोबाइलवर माझा फोटो दाखवतो. माझी त्याला हरकत नाही, पण मेल्यावर दाखवू नये.

कलम ३. रंगभूषेची पत्र्याची पेटी, त्यातील मिशा, टोप व डिंकाच्या बाटल्यांसह, दिव्यानी सोमाजी बोरकुटे हिला. दिव्यानी वडशाच्या नाटक कंपनीत काम करते. ती माझ्या हाताखाली उभी राहायला शिकली. तिच्या बापाचा विषय पुढे आहे, तिचा त्यात काही दोष नाही.

कलम ४. चुलतभाऊ कोलू याने पोराच्या वरातीसाठी माझा राजाच्या कामाचा मखमली कोट नेला, तो सोळा वर्षे परत केला नाही. तो कोट मी त्याला देतो. म्हणजे यापुढे तो त्याचाच होईल आणि मला रस्त्यात पाहून कोलूला गल्ली बदलावी लागणार नाही.

कलम ५. हार घातलेला माझा मोठा फोटो. मालिकेत मी करत असलेले नानासाहेब इनामदार वारल्यावर हा फोटो वाड्याच्या भिंतीवर दोन वर्षे टांगलेला होता. माझ्यामागे माझे काम त्यानेच केले. मालिका संपल्यावर सेटवरच्या एका भल्या माणसाने तो मला पाठवला. फ्रेम सागाची दिसते, आहे प्लायवूडची. सागाच्या मुलखातल्या माणसाला ही आणखी एक फसवणूक. फोटो काढून टाकावा व फ्रेमला आरसा बसवावा. माझ्या कोणत्याही फोटोला घरात हार घालू नये, माझे ते झालेले आहे.

कलम ६. आता वह्या.

देवघराखालच्या लोखंडी ट्रंकेत जाड पुठ्ठ्याच्या अकरा वह्या आहेत. त्या आमच्या अकरा नाटकांच्या संहिता आहेत. अक्षर सर्व सोमाजी बोरकुटे यांचे. त्यांना अहोजाहो एवढेच करतो, पुढे जमणार नाही.

सोमाजी माझा प्रॉम्प्टर होता. मी एकोणीस वर्षांचा असताना मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, नाटकात पहिल्याच प्रवेशात गप्प झालो. रंगमंचापुढच्या खड्ड्यात तबलेवाल्याच्या शेजारी हा बसला होता, गावात सर्वांत भरभर वाचणारा म्हणून बसवलेला. त्याने वाक्य असे फेकले की ते मलाच सुचले असे वाटले. त्यानंतर पस्तीस वर्षे मी दुसऱ्या कोणाच्या आवाजावर उभा राहिलो नाही. मला वाचता येते, सातवी शिकलो आहे. पण डोळ्यांनी घेतलेला शब्द माझ्या तोंडात खडखडायचा. सोमाजीने दिला की बसायचा. माझ्या गळ्यावरून त्याला कळे की मला वाक्य हवे आहे की मी मुद्दाम थांबलो आहे.

तो नाटके लिहायचा. मी रंगमंचावर ऐनवेळी काही बोललो आणि लोकांनी उचलून धरले की दुसऱ्या दिवशी तो ते वहीत लाल शाईने लिहून ठेवायचा. निळे त्याचे, लाल माझे. अकराही वह्या तशाच आहेत, कोणीही उघडून पाहाव्या.

मालिकेसाठी मुंबईचे बोलावणे आले तेव्हा मी एकच अट घातली, सोमाजी सोबत येईल. तिथे सकाळी कागद यायचा आणि दुपारी काम. उसाच्या मुलखातला इनामदार मला करायचा होता, आणि मी आयुष्यात धानाशिवाय काही कापले नव्हते. सोमाजी सेटवरच्या कोल्हापूरच्या चहावाल्याजवळ बसून ती भाषा शिकला आणि मला कानात देऊ लागला. त्याचा आवाज नंतर यंत्रावर काढून टाकत. वर्षभरात मालिकावाल्यांना कळले की नानासाहेबाच्या तोंडी काय बसते ते याला जास्त कळते, आणि संवाद तोच लिहू लागला. मला आनंद झाला. आम्ही एकाच खोलीत राहत होतो. भात मी टाकायचो, भाजी तो करायचा. मी एकदाही त्याच्या हातातून कागद घेऊन वाचला नाही. गरज काय होती?

२०१८ च्या दिवाळीच्या एक आठवडा आधी वडशाच्या कंपनीच्या मालकांचा फोन आला. दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम असतो आणि नट दिवाळीआधीच बांधले जातात. एकदा बांधणी झाली की वर्षभर दार बंद. त्यांनी विचारले, "येऊन राह्यला काय या साली? मोठं काम ठेवलो तुह्यासाठी." मी हसून म्हटले, "आमच्या नानासाहेबाले अजून दोन वर्षं मरण नाई जी." सोमाजी समोर बसून कांदा चिरत होता. त्याने मान वर केली नाही. उठून फक्त स्टोव्ह बारीक केला.

त्या दिवशी त्याला सर्व माहीत होते. मालिकेची गोष्ट एकदम सहा वर्षे पुढे न्यायची, नानासाहेब मारायचा, हे ठरून आठ दिवस झाले होते, आणि ते त्याने लिहूनही दिले होते.

दिवाळीनंतरच्या सोमवारी सेटवर पलंग लावला होता. नानासाहेब आजारी आहेत एवढे मला ठाऊक होते. मालिकेत माणूस आजारी पडतो आणि उठूनही बसतो. सोमाजी पलंगाच्या उशाशी, कॅमेऱ्यात येणार नाही असा, खाली बसला. एकेक वाक्य येत गेले, मी म्हणत गेलो. सूनबाईला किल्ल्या दिल्या. धाकट्याला माफ केले. तेव्हा मला शंका आली, पण गाडी चालू होती. मग आवाज आला, "उसाला पाणी सोडायची वेळ झाली. आता मला जाऊ द्या." मी म्हटले. आणि त्याच आवाजात, त्याच गतीने, तो म्हणाला, "मान टाक."

मी मान टाकली.

एका टेकमध्ये झाले. दिग्दर्शक टाळ्या वाजवत आला. मी उठून बसलो तर समोर केक होता, त्यावर नानासाहेबाचे नाव. केक काही पाच मिनिटांत तयार होत नाही. म्हणजे केकवाल्यालाही माझ्याआधी माहीत होते.

खोलीवर आल्यावर मी एवढेच विचारले, "मले काऊन नाई सांगतला?" त्याने चपला काढून भिंतीशी लावल्या. मग म्हणाला, "सांगतलो असतो त तुले बराबर मरता आलं नसतं, वारलू."

तुहं मरण लिवलं नसतं त मलेही काढलं असतं, असेही म्हणाला. ते मी समजून घेतले. पहिले वाक्य मात्र आजही समजून घेऊ शकलो नाही, कारण ते खरे आहे. मला माहीत असते तर मी इतका चांगला मेलो नसतो. त्याने माझे काम पाहिले. माझा हंगाम पाहिला नाही.

मी परत आलो. तो मालिका संपेपर्यंत तिथे राहिला. मी मेल्याचा भाग टीव्हीवर दाखवला तोवर मी घरी पोचलो होतो. शेजारच्या म्हाताऱ्या सोनीबाई दुसऱ्या दिवशी खरोखर सांत्वनाला आल्या. वच्छलाने त्यांना पाट दिला आणि सांगितले, "बसा बाई, थे परसात वांगे तोडून राह्यले." मी टोपली घेऊन आलो तर सोनीबाईंनी माझा हात धरून दाबून पाहिला आणि विचारले, "मंग काल थो कोण होता?" मी टोपलीतली चार वांगी त्यांच्या पदरात घातली.

तो हंगाम मी घरी बसून काढला. पुढच्या वर्षी एका कंपनीने घेतले आणि जीपवरून पुकारले, 'मालिकेत मेलेले नानासाहेब आपल्या गावात जिवंत.' गर्दी झाली, खोटे कशाला बोलू. तेव्हापासून मी पाठ करून उभा राहतो. खड्ड्यातला नवा पोरगा मोबाइलवर पाहून वाक्य देतो. मी त्याला सांगून ठेवले आहे, मला देऊ नको.

सोमाजी आता नागपूरला असतो. मागच्या साली त्याने दिव्यानीकडून निरोप पाठवला की कोणी संस्था ती नाटके छापणार आहे, वह्या द्याव्या. स्वतः आला नाही. तीन-चार तासांचा तर रस्ता. मी दिव्यानीला चहा दिला, वह्या दिल्या नाहीत. वच्छलाचे म्हणणे, देऊन टाका, नाटक कोणाच्या ट्रंकेत राहाले केलं काय. तिचे बरोबर आहे. म्हणून लिहितो.

कलम ७. अकराही वह्या सोमाजी बोरकुटे यांना द्याव्या. निळे त्याचे आहेच, लाल शब्दही मी त्याला देतो. छापताना माझे नाव घालायचे की नाही ते त्याने ठरवावे. मात्र खालील अट पुरी झाल्याशिवाय वह्या ट्रंकेबाहेर जाऊ नयेत.

माझ्या तेरवीनंतर एखाद्या सकाळी त्याने आरमोरीला स्वतः यावे. अंगणात कडुनिंबाखाली पाटावर, म्हणजे खालीच, बसावे. अकराव्या वहीचा तिसरा अंक काढून त्यातील माझी, म्हणजे थोरल्या भावाची, सर्व वाक्ये, खड्ड्यातून देत असे त्याच आवाजात, एकेक करून द्यावी. प्रत्येक वाक्यानंतर मी जेवढा वेळ घेत असे तेवढा वेळ थांबावे. टाळी पडत असे तिथे जास्त थांबावे. माझी वाक्ये त्या वेळी कोणी म्हणू नयेत. प्रणितने तर मुळीच नाही, त्याला नक्कल करायची सवय आहे.

तो बरोबर थांबला की नाही हे नीलिमाने ठरवावे. लहानपणी तिने ते नाटक पुढच्या ओळीत बसून इतके पाहिले आहे की तिला फसवता येणार नाही. सोमाजी आला नाही, किंवा घाई करून उठला, तर वह्या दिव्यानीला द्याव्या. जाळू मात्र नयेत.

अकरावीच वही का, असे तो विचारणार नाही. त्याला माहीत आहे. मी केलेल्या सगळ्या नाटकांत तेवढ्याच एका नाटकात माझे पात्र शेवटपर्यंत मरत नाही. भाऊबंदकीत परागंदा झालेला थोरला तिसऱ्या अंकात घरी येतो, आणि नाटकाचे शेवटचे वाक्य त्याचे आहे. ते लाल शाईत आहे. एका प्रयोगाला मला ऐनवेळी सुचले तेव्हा खड्ड्यात सोमाजी वही मिटून रडत होता, हे मी वरून पाहिले आहे. वाक्य असे: "दार लोटू नका, मागून माहा भाऊ येऊन राह्यला."

हे वाक्य दिल्यावर त्याने थांबावे. समोरून काही येत नाही याची त्याची खात्री होईपर्यंत थांबावे. मग नीलिमाने त्याला ट्रंकेची किल्ली द्यावी.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुलगी नीलिमा हिने करावी. कय्यूमभाई शेख यांनी तीस वर्षे माझ्या तोंडाला रंग लावला, त्यांना काही ठेवलेले नाही, कारण साक्षीदाराला काही ठेवू नये असे वकील म्हणाले. कय्यूमभाई म्हणाले, बरं झालं, तुह्या पेटीले वास येते.

वरील सर्व मजकूर मी स्वतः, डोळ्यांनी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला. कोणी वाचून दाखवला नाही. वाचून मग सही केली.

ठिकाण: आरमोरी
दिनांक: ३ फेब्रुवारी २०२५

सही
वारलू सुकलू निकुरे

लिहून देणाऱ्याने आमच्यासमोर सही केली, व आम्ही त्याच्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या:

१. कय्यूम रहमान शेख, रंगभूषाकार, राहणार राजुरा
२. आदेश गोविंदा भोयर, निवृत्त मुख्याध्यापक, राहणार आरमोरी