चढावरचं फाटक

मंगळवार, १४ ऑक्टोबर
दुपारी, जेवणं उरकल्यावर

चिरंजीव बटण यास,

आत्याचे आशीर्वाद. तू मागितले नसलेस तरी मी ते फुकट वाटते. इकडे सर्व क्षेम आहे. तुझ्या आईचा गुडघा दुखतो, पण तो मी चहाला गेले की जास्त दुखतो असं माझं निरीक्षण आहे. छापखान्यात माझं मुद्रितं तपासणं चालू आहे. परवा आरोग्याच्या एका पुस्तकात ‘रुग्णास दहा मिनिटे उकळावे’ असं छापून जाणार होतं. मी ‘पाणी’ घातलं आणि रुग्णाला बाहेर काढलं. एवढं पुण्य या महिन्याला पुरे.

फोन का नाही केला, असं म्हणशील. फोनवर तू ‘हं’ म्हणतोस. पत्राला ‘हं’ म्हणता येत नाही, ते वाचावं लागतं.

तर बातमी. तुझ्या तीर्थरूपांनी मोटारसायकल घेतली.

पुन्हा वाच. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरते मी. या वाक्यात चूक नाही. दोन वर्षांपूर्वी तू पहिल्या पगाराची गाडी आणलीस तेव्हा दुकानाच्या पायरीवर उभं राहून ‘एक तर ही गाडी, नाही तर हे घर’ असं ज्याने सांगितलं, त्याच माणसाने. आणि तू लगेच गाडी निवडून, लाथ मारून चालू करून निघूनही गेलास. बापलेकांत एवढं साम्य असल्यावर भांडण मिटायला वेळ लागणारच. तेव्हापासून तुम्ही दोघं एकमेकांशी एक शब्दही बोललेले नाहीत. मध्ये तुझी आई आहे, आणि तिचा फोन.

तिने तुला सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. तुझा फोन आला की दुकानातली मशीन थांबते. कापड सुईखाली तसंच असतं, पाय पायट्यावर असतो, पण पाय हलत नाही. तुझी आई तेवढ्यासाठीच दारात उभी राहून, बहिऱ्याशी बोलावं तशी मोठ्याने बोलते. ‘काय म्हणतोस, गुलाबाची रोपं लागली?’ फोन ठेवला की मशीन सुरू. त्या दिवशीच्या शिवणीत मात्र टाके जरा लांब पडतात.

गाडीकडे वळते. दादाने आधी एक पाहिली. चकचकीत, लाल, आरशासारखी. विकणारा मनुष्य तिच्याकडे बघून स्वतःच हरखत होता. दादाने खिशातून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढलं, मागच्या चाकाला लावून दोरा पुढच्या चाकापर्यंत ताणला आणि मला म्हणाला, ‘बघ, पुढचं चाक दोऱ्याला शिवत नाही. कुठेतरी जोरात आदळलीय. वरून इस्त्री केलीय नुसती.’ विकणारा म्हणाला, ‘अहो, रंग तर बघा!’ दादा म्हणाला, ‘रंग बघूनच दोरा काढला.’

मग ही मिळाली. एका परिचारिकाबाईंची. त्या घरोघरी जाऊन बाळंतिणी तपासतात. आता त्यांना दवाखान्याची मोटार मिळाली म्हणून ही विकायची होती. शंभर सीसीची, करडी, टाकीला एक पोचा, सीट उसवलेली. दादाने आधी निरोप धाडला होता की आम्ही येईपर्यंत चालू करू नका. गेल्या गेल्या त्याने इंजिनावर तळहात ठेवला, लेकराचा ताप बघावा तसा. गार होतं. गार इंजीन पहिल्या दोन लाथांत बोललं तर तब्येत चांगली, असं म्हणे. दुसऱ्या लाथेला बोललं. दोराही दोन्ही चाकांना शिवला. मग त्याने टेप काढली, सीटची जमिनीपासूनची उंची घेतली, आणि भर अंगणात स्वतःच्या पायाचं आतलं माप घेतलं.

बाई म्हणाल्या, ‘काका, गाडी घेताय की तिला पाटलोण शिवताय?’

‘नवशिक्याचे दोन्ही पाय टाचांसकट टेकले पाहिजेत,’ दादा म्हणाला.

‘नवशिका कोण? मुलगा?’

‘मी.’

बाई हसल्या नाहीत. म्हणून मला त्या आवडल्या. उलट म्हणाल्या, ‘मग मीच शिकवते. दुसऱ्या कोणी शिकवलं तर माझ्या गाडीचा क्लच जाळाल.’

बाजाराच्या मागचं पटांगण सकाळी मोकळं असतं. तिथे हा विद्याभ्यास चालला. मी गुरुपत्नीसारखी कठड्यावर चहाचा थर्मास घेऊन बसत असे. पहिल्या दिवशी गाडी सुटली, दादा घाबरला, आणि त्याने काय करावं? उजवा हात मूठ सोडून बाजूला नेला आणि हवेत थाप मारली. गाडी आचके देत बंद पडली आणि कर्ता, कर्म, क्रियापद सगळे एकमेकांवर आडवे झाले.

बाई धावत आल्या. ‘काका, तिकडे कोण होतं?’

‘चाक,’ दादा पडल्या पडल्या म्हणाला. ‘मशीनचं चाक.’

चाळीस वर्षं पायमशीन चालवलेला माणूस! थांबायचं म्हणजे उजवीकडच्या चाकावर तळहात ठेवायचा, एवढंच त्याच्या हाडांना ठाऊक. त्या एका सकाळी तीनदा तो त्या नसलेल्या चाकाच्या भरवशावर पडला. कोपर सोलवटलं. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी बघते तर स्वारी शर्टाची उजवी बाही गाडीच्या मुठीला धावदोऱ्याने टाचून बसलेली! ‘हात निघालाच तर बाही ओढेल आणि आठवण देईल,’ म्हणाला. बाईंनी कपाळावर हात मारला, दोरा तोडायला लावला, आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘ताई, हे शिकणार.’

आणि शिकला रे. मी सहसा कोणाची स्तुती करत नाही. त्याने माणसं बिघडतात. पण सत्तावन्नाव्या वर्षी, सगळ्या बाजारासमोर पडायचं, उठायचं, पाटलोण झटकायची आणि आपल्या मुलीच्या वयाच्या बाईला ‘पुन्हा सांगा’ म्हणायचं, याला मी दुसरं काही म्हणू शकत नाही. आता तर अशी हळू चालवतो की शेजारून चालणारा पुढे जातो, पण पाय टेकत नाही. हातांना कापड हळूच सरकवायची सवय, क्लच असा सोडतो की जणू रेशमाला टीप घालतोय. बाई म्हणतात, एवढं हळू चालवणं त्यांनाही जमत नाही. वेगाने चालवणं मात्र दादाला जमत नाही, आणि जमू नये अशीच आम्हा सर्वांची प्रार्थना आहे.

एकच गोष्ट राहिली आहे. चढावर गाडी थांबवली की त्याला पुन्हा निघता येत नाही. मागे घसरते, हा गडबडतो, बंद पडते. ही गोष्ट लक्षात ठेव, पुढे लागेल.

आता, वर मी थोडं गाळलं आहे.

गाडी बघायला जाण्याच्या आदल्या दिवशी दादा माझ्याकडे आला. बराच वेळ माझ्या चष्म्याच्या घराशी चाळा करत बसला. मग म्हणाला, ‘तू नको म्हणालीस तर नाही घेणार.’

मी विचारलं, ‘आणि घेऊन करणार काय?’

‘त्याच्याकडे जाणार.’

‘बसने जा की. गाडीचं एवढं काय अडलंय?’

तर म्हणाला, ‘ज्या गोष्टीपायी पोराला घालवलं, तिच्यावर कधी बसलोसुद्धा नाही मी. बसने गेलो तर काय सांगू त्याला? की मी बरोबर होतो, पण आता माफ केलं?’

बटण, मी इतकी पुस्तकं वाचली, तपासली. पश्चात्तापाची याहून नेटकी व्याख्या माझ्या नजरेखालून गेलेली नाही.

आता तुला हे कळायला हवं की त्याने मलाच का विचारलं. तुझे आतोबा गाडीवरून गेले तेव्हा तू लहान होतास. तुला ‘अपघात’ एवढाच शब्द दिला गेला. दवाखान्यात ओळख पटवायला मी गेले नाही. दादा गेला. चेहऱ्यावरून ओळख पटण्यासारखी नव्हती. त्याने शर्टाची कॉलर उलटून पाहिली आणि ‘ही शिवण माझी आहे’ म्हणाला. हे त्याने मला कधी सांगितलं नाही, तिथल्या माणसाने सांगितलं. त्यानंतर त्याने कॉलरचा तो विशिष्ट टाका सोडून दिला. आता दुसऱ्याच पद्धतीने शिवतो. तुझ्या सगळ्या शर्टांच्या कॉलरी बघ.

म्हणून त्या दिवशी पायरीवरून जो ओरडला तो राग नव्हता. तू घेतलेल्या गाडीवर त्याला तू दिसत नव्हतास, शर्ट दिसत होता.

मी त्याला म्हटलं, ‘घे. पण मागची सीट चांगली शिव, मला बसायचं आहे.’ त्याने सीट शिवली, दुहेरी टीप घालून. गेल्या आठवड्यात मी तिच्यावर बसले. आतोबा गेल्यापासून पहिल्यांदा. डोळे मिटून घेतले होते, पण दुसऱ्या वळणावर उघडले. तुझ्या आतोबांच्या मागे बसून मी ओरडत असे, ‘हळू, हळू!’ दादाच्या मागे बसून मला ‘जरा लवकर’ म्हणावंसं वाटलं. याचा अर्थ तू लाव.

आणि आता ज्यासाठी हे पत्र.

परवाच्या रविवारी तो तुझ्याकडे आला होता. ‘सरावाला जातो’ म्हणून सकाळीच निघाला, दुपारी परत आला, हातपाय धुऊन दुकान उघडून बसला. रविवारी! मी जाऊन विचारलं. बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिला. मग म्हणाला, ‘फाटक बंद होतं.’

तुझ्या रोपवाटिकेचा तो चढ मी पाहिलाय. खाली सपाट रस्ता, मग उभा चढ, आणि चढ संपता संपता ते लाकडी फाटक. ते शेळ्यांसाठी बंद असतं हे मला माहीत आहे. दादाला कोण सांगणार?

‘मग हाक मारायचीस,’ मी म्हटलं.

‘फाटकापाशी चढावर थांबावं लागलं असतं. घसरलो असतो. त्याच्यादेखत.’

‘गाडी खाली लावून चालत जायचंस.’

‘चालत जायचं होतं तर बस काय वाईट होती?’

आणि मग, मशीनकडे तोंड करून, ‘शिवाय ते बंदच होतं.’

खालूनच वळून आला बिचारा. येत्या रविवारी पुन्हा ‘सरावाला’ निघणार आहे. करड्या गाडीची साखळी आतापासूनच पुसतोय. पण या वेळीही फाटक बंद दिसलं, तर तो तिसऱ्यांदा यायचा नाही. मी ओळखते त्याला. तूही ओळखतोस, आरशात बघून.

तुला काही कळवू नये, असं त्याने मला बजावलं आहे. ‘फोन करणार नाही’ असं मी शब्द देऊन सांगितलं. पत्राचा विषय निघाला नाही.

तेव्हा रविवारी सकाळपासून फाटक सताड उघडं ठेव. शेळ्या आत शिरल्या तर शिरू दे, गुलाब पुन्हा लागतील. वाटेत स्वागताला येऊन उभा राहू नकोस. त्याला थांबावं लागेल. वर अंगणात, सपाटीवर राहा, कुंड्यांशी काहीतरी करत असल्यासारखा. आणि तुझी गाडी जरा एका अंगाला घेऊन ठेव. शेजारी दुसरी एक मावेल एवढी.

या खेपेला मुद्दाम मागे न बसणारी,
तुझी आत्या